पेगूची कल्याणी सीमा आणि पक्क्या शिवेचा हट्ट

गावाकडे जमिनीची मोजणी ज्यांनी उन्हात उभं राहून पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट पटकन कळेल. मोजणीदार जुने दगड शोधतो, नकाशा पसरतो, आणि दोन्हीकडचे भाऊबंद बांधावर उभे राहून वितीवितीसाठी हुज्जत घालतात. दगड कुणी हलवला, बांध कुणी कोरला, आंब्याची फांदी कुणाच्या रानात गेली. म्यानमारमधल्या पेगू शहरात, म्हणजे आजच्या बगोमध्ये, १४७६ साली एका राजाने अशीच एक मोजणी मांडली होती. दोऱ्या ताणून, जमिनीवर रेघा आखून, एकेक पट्टा तपासून. वाद पिकाचा नव्हता. आपल्या मुलखातले हजारो भिक्खू खरोखरचे भिक्खू आहेत की नुसतेच चीवर पांघरलेले गृहस्थ, हे त्या रेघांवर ठरणार होतं.

त्या जागेचं नाव कल्याणी सीमा. बर्मी लोक तिला कल्याणी थेन म्हणतात. भिक्खूंना उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्खूपण, जिथे दिली जाते, ती ही वास्तू. थेन हे पाली ‘सीमा’ या शब्दाचंच बर्मी रूप. लाओसमध्ये त्याच शब्दाचं सिम झालं, आणि मराठीत त्याची झाली शीव. लोकलने शीव स्टेशन ओलांडताना आपण मुंबई बेटाची जुनी हद्द ओलांडतो, तो हाच शब्द. थाई लोकांनी मात्र दुसरा शब्द उचलला. उपोसथाच्या, म्हणजे दर पंधरवड्याला भिक्खू जमून नियमांचा पाठ करतात त्या दिवसाच्या, घराला ते उबोसोत म्हणतात, बोलताना नुसतं बोत.

‘कल्याणी’ ऐकून ठाणे जिल्ह्यातल्या वाचकांचे कान टवकारले असतील, पण आपल्या कल्याणचा इथे संबंध नाही. ही कल्याणी म्हणजे श्रीलंकेत कोलंबोजवळून वाहणारी नदी, आजची केलणी गंगा. पेगूच्या वास्तूला लंकेतल्या नदीचं नाव का पडलं, हीच या गोष्टीची मेख आहे.

मैदानात दीक्षा चालते, उपसंपदा चालत नाही

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण मराठीत ‘दीक्षा’ हा एकच शब्द आपण सगळीकडे वापरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला भदंत चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेब आणि माईसाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील दिलं. चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या लाखोंना दीक्षा दिली. ती उपासकांची दीक्षा. त्याला मैदान चालतं, घराची ओसरी चालते. घरदार सोडून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, व्हायचं असेल, तरी एका जाणत्या भिक्खूकडून शरणगमन आणि शीलं घेऊन काम भागतं.

उपसंपदेचं तसं नाही. श्रामणेराचा पूर्ण भिक्खू होणं हा संघाचा निर्णय असतो. एकट्या गुरूला तो अधिकार नाही, राजाला तर नाहीच. बौद्ध संघात सगळ्यांच्या वर बसलेला धर्मगुरू नाही. जे काही ठरतं ते जमलेल्या भिक्खूंनी ठराव मांडून, तीनदा पुकारून, कुणी हरकत घेतली नाही तर. आता कुठल्याही सोसायटीच्या सभेत पहिला तंटा होतो तोच इथेही होतो: ‘सगळे हजर’ म्हणजे नेमके कोण? पंचक्रोशीतले सगळे? जिल्ह्यातले? त्याचं उत्तर म्हणजे सीमा. आखलेल्या हद्दीच्या आत जितके भिक्खू आहेत, तितके म्हणजे ‘सगळे’. बाहेरच्याचा प्रश्न येत नाही, आतल्या एकालाही वगळता येत नाही.

विनयपिटकातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातल्या, महावग्गात याचा उगम सांगितला आहे, आणि तो वाचताना हसू येतं. सहा जणांची एक खोडकर टोळी तिथे वारंवार येते, षड्वर्गीय भिक्खू. सीमा आखायची मुभा मिळाल्यावर त्यांनी चार-चार, पाच-पाच, सहा-सहा योजनांच्या सीमा आखल्या. मग उपोसथाला निघालेले भिक्खू पाठ चालू असताना पोहोचायचे, कुणी संपल्यावर, कुणी वाटेतच मुक्काम करायचे. तेव्हा बुद्धांनी मर्यादा घातली: तीन योजनांहून मोठी सीमा नको. उलट्या बाजूची मर्यादा पुढे अट्ठकथांनी, म्हणजे जुन्या टीकाग्रंथांनी, घातली. निदान एकवीस भिक्खू बसतील एवढी तरी जागा हवी, कारण संघाच्या सगळ्यात मोठ्या कामाला वीस भिक्खू लागतात आणि ज्याच्यासाठी ते काम चाललंय तो एकविसावा.

हद्दीच्या खुणांना ‘निमित्त’ म्हणतात, आणि त्या आठ प्रकारच्या: डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी, पाणी. वारूळ! यादी करणारा माणूस रानात हिंडलेला होता हे त्या एका शब्दावरून कळतं. आपल्याकडच्या जुन्या चतुःसीमांमध्येही ओढा, वड, वाट अशाच खुणा सांगितलेल्या असतात.

आणखी एक नियम आहे, आणि इमारतीचा आकार त्यातूनच ठरतो. सीमेच्या आत असलेला प्रत्येक भिक्खू एकमेकांपासून हाताच्या अंतरावर बसलेला हवा. त्याला हत्थपास म्हणतात. एखादा आतच पण लांब कोपऱ्यात झोपला असेल, तर सगळं काम रद्द. आता अख्ख्या विहाराची सीमा आखली, तर उपसंपदेच्या दिवशी स्वयंपाकघरापासून शौचकूपापर्यंत शोधाशोध करावी लागेल. म्हणून मोठ्या सीमेच्या पोटात एक छोटी, स्वतंत्र सीमा काढायची आणि दोन्हींच्या मध्ये थोडी मोकळी पट्टी सोडायची. त्या छोट्या तुकड्यावर छप्पर घातलं की झालं थेन. त्यामुळे बहुतेक थेन आटोपशीर असतात. भव्यपणा स्तूपाला, थेनला दाराकडे नजर ठेवता आली म्हणजे पुरे.

‘तू माणूस आहेस ना?’

आत काय घडतं ते जरा जवळून पाहू.

डोकं भादरलेला, वीस वर्षं पूर्ण झालेला श्रामणेर. खांद्याला भिक्षापात्र, अंगावर चीवर. आधी त्याला संघापासून थोडं बाजूला नेऊन उभं करतात, आणि एक जाणता भिक्खू तिथे त्याला प्रश्न समजावून सांगतो. याचंही कारण विनयात आहे: पूर्वी थेट सगळ्यांसमोर विचारायचे, तेव्हा पोरं लाजून गोंधळून जायची, उत्तरच फुटायचं नाही. म्हणून आधी उजळणी, मग परीक्षा.

पहिले पाच प्रश्न रोगांचे. कुष्ठ, गळू, खरूज, क्षय, अपस्मार आहे का? ‘नत्थि भन्ते.’ मग पुढचे. मनुस्सोसि? माणूस आहेस? पुरिसोसि? पुरुष आहेस? भुजिस्सोसि? स्वतंत्र आहेस, कुणाचा दास नाहीस? अनणोसि? डोक्यावर कर्ज नाही? नसि राजभटो? राजाच्या चाकरीत नाहीस? आईबापांची परवानगी आहे? वीस वर्षं भरली? पात्र-चीवर पुरं आहे? नाव काय? उपाध्यायाचं नाव काय?

यातला एकेक प्रश्न म्हणजे एकेका जुन्या भानगडीचा वण आहे. बिंबिसाराचे सैनिक लढाई टाळायला भिक्खू झाले, तेव्हा राजभटाची अट आली. बुद्धांचा मुलगा राहुल याला परस्पर प्रव्रज्या, म्हणजे घर सोडायची दीक्षा, दिल्यावर आजोबा शुद्धोदन कळवळला, तेव्हा आईबापांच्या परवानगीची आली. माणूस आहेस का, हा सगळ्यात गमतीचा. एक नाग माणसाचं रूप घेऊन संघात शिरला होता. दिवसा सगळं ठीक. पण गाढ झोपेत त्याचं मूळ रूप परत आलं, अख्खी खोली वेटोळ्यांनी भरली, आणि खोलीतल्या सोबत्याने ओरडून विहार डोक्यावर घेतला.

उत्तरं झाली की ठराव मांडतात आणि तीनदा पुकारतात. ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं, नाही त्याने बोलावं. तिसऱ्या पुकाऱ्यानंतरही शांतता राहिली की तो भिक्खू झाला. लगेच बाहेर जाऊन सावली मोजायची, ऋतू आणि वेळ सांगायची. कारण संघातली ज्येष्ठता वयावर नसते, त्या क्षणावर असते. अर्ध्या तासाने उपसंपन्न झालेला आधीच्याला आयुष्यभर वंदन करणार.

किती भिक्खू लागतात? गंगेच्या खोऱ्यातल्या मध्यदेशात दहा, सरहद्दीच्या मुलखात पाच, त्यात एक विनय जाणणारा. ही सवलत कुणामुळे मिळाली ते मराठी वाचकाने लक्षात ठेवावं असं आहे. अवंतीतल्या सोण कुटिकण्णाला उपसंपदा हवी होती, पण त्याचे गुरू महाकच्चान यांना दहा भिक्खू जमवायला तीन वर्षं लागली. पुढे सोण बुद्धांना भेटायला गेला तेव्हा गुरूंचा निरोप घेऊन गेला: अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे आहेत, संख्या कमी करा. शिवाय तिथली जमीन काळी, टणक, गुरांच्या खुरांनी खाचखळग्यांची आहे, तर जाड तळाच्या वहाणा चालू द्या. काळी रेगड उन्हाळ्यात वाळल्यावर तिच्यात उमटलेली खुरं कशी रुततात, हे मराठवाड्यातल्या कुणालाही विचारा. दख्खनच्या वाटेवरच्या ढेकळांनी विनयात जागा मिळवली आहे ती अशी. आणि पाचांची ती सवलत पुढे ब्रह्मदेशाच्या कामी आली.

फांदी टेकली की सीमा बाटली

एवढा आटापिटा केल्यावर सीमाच चुकीची निघाली तर? दोन सीमा एकमेकींना भिडल्या, तर त्याला संकर म्हणतात आणि दोन्हीकडची कामं संशयात जातात. भिडणं म्हणजे जमिनीवरच भिडणं असं नाही. इकडच्या झाडाची फांदी तिकडच्या झाडाला टेकली तरी भानगड. म्हणून सीमाकर्माच्या आधी फांद्या छाटतात, वेली तोडतात. आज काही विहारांत विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ यांवरूनही हीच चर्चा होते, आणि बाहेरच्याला ती हास्यास्पद वाटते. मला नाही वाटत. फेरफार उताऱ्यावरचा एक आकडा चुकला म्हणून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या समाजाने यावर हसू नये.

संशयातून सुटायचा एक मार्ग मात्र विनयानेच ठेवला आहे: पाणी. नदी, समुद्र आणि नैसर्गिक तळं यांत सीमा आखायची गरजच नसते. मध्यम ताकदीच्या माणसाने ओंजळीने पाणी उडवलं तर ते जिथवर जाईल, तिथवर सीमा. तिला उदकुक्खेप सीमा म्हणतात. नावांवर बसून, काठाचा संबंध तोडून, काम उरकायचं. नदी कशाला म्हणायचं याचीही व्याख्या आहे: पावसाळ्यात जिथे कुठेही उतरलं तरी नीट नेसलेल्या भिक्खुणीचं अंतर्वस्त्र भिजेल, ती नदी.

पाण्यातही लोक फसतात. लंकेत बलपिटियाला मादू नदीच्या पाण्यात भिक्खूंनी एक जागा केली होती. तिथे जायला काठावरून पूल बांधला, आणि १८५१ मध्ये एका विद्वान भिक्खूने विचारलं, की हा पूल काठाला जोडलेला आहे, मग सीमा पाण्यात उरली कुठे? पुलावरून वाद पेटला तो पुढे कित्येक वर्षं विझला नाही.

भिक्खू राजा आणि हत्तींचं भांडण

पेगूच्या राजाचं नाव धम्मचेती, बर्मी उच्चाराने धम्मझेडी. दक्षिण ब्रह्मदेशातल्या मोन लोकांच्या हंसावती राज्यावर त्याने १४७१ ते १४९२ राज्य केलं. शिलालेखात तो स्वतःला रामाधिपती म्हणवतो, आणि आपल्या मुलखाला रामञ्ञदेश. गादीवर येण्याआधी तो भिक्खू होता. मोन राजकन्या शिन सॉबू उत्तरेकडच्या आवा राज्याच्या राजवाड्यात अडकली होती. तिला पळून जायला ज्या दोन भिक्खूंनी मदत केली, त्यांतला हा एक. पुढे ती पेगूची राणी झाली. वारस निवडायला तिने दोघांसमोर झाकलेली भिक्षापात्रं ठेवली, त्यांतल्या एकात गृहस्थाची वस्त्रं आणि राजचिन्हं होती, आणि ते पात्र धम्मचेतीने उचललं, असं लोक सांगतात. गोष्ट खरी असो नसो, भिक्खूचं चीवर उतरवून तो राजाचा जावई नव्हे तर राणीचा जावई झाला आणि तिच्यामागे राजा.

म्हणजे हा राजा विनय आतून ओळखत होता. संघात काय सडलंय हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सडलं होतं ते परंपरेच्या मुळाशी. तीनशे वर्षांपूर्वी, बाराव्या शतकाच्या शेवटी, छपट नावाचा मोन भिक्खू लंकेत शिकून पगानला, ब्रह्मदेशाच्या जुन्या राजधानीला, परतला. येताना चौघांना बरोबर घेऊन आला, सीवली, तामलिंद, आनंद आणि राहुल. पाच का? सोणाची सवलत आठवा. सरहद्दीच्या मुलखात स्वतंत्रपणे उपसंपदा द्यायला पाच पुरतात. छपटने जुन्या ब्रह्मी संघाबरोबर बसायचं नाकारलं आणि लंकेच्या परंपरेचा वेगळा संघ सुरू केला. राजा नरपतीने त्यांना आसरा दिला.

आणि मग पाचांचे तुकडे पडत गेले. राहुलचं मन एका उत्सवात नाचणाऱ्या मुलीवर जडलं. बाकीच्यांनी समजावलं, इतकंच करायचं असेल तर इथे लोकांसमोर नको, मलयद्वीपाला जाऊन कर. तो गेला. तिथल्या राजाला विनय शिकवला, राजाने पात्र भरून रत्नं दिली, आणि ती विकून राहुलने संसार थाटला. छपट वारल्यावर उरले तिघे. नरपतीने तिघांना एकेक हत्ती दिला. दोघांनी आपापला हत्ती रानात मोकळा सोडला. आनंदने मात्र आपला हत्ती जहाजात चढवून गावच्या नातेवाइकांना पाठवला. इतर दोघे म्हणाले, आम्ही मुक्या जिवांना सोडून दिलं आणि तू त्याला दुःखात घातलंस. आनंदने उत्तर दिलं, नातलगांना सांभाळणं हे मंगल आहे असं भगवंतांनीच सांगितलं नाही का? ‘ञातकानञ्च संगहो’, मंगलसुत्तातली ती ओळ आपल्याकडच्या विहारांतही रोज म्हटली जाते. वाद मिटला नाही. तिघांचे तीन गट झाले, एकमेकांबरोबर संघकर्म करायचे बंद झाले.

धम्मचेतीच्या काळापर्यंत असे अनेक गट झाले होते. प्रत्येकाची वेगळी सीमा, आणि कुठली सीमा नियमाने आखलेली, कुठली दुसरीत घुसलेली, याचा पत्ता नाही. सीमा संशयित म्हणजे तिथली उपसंपदा संशयित. तसे भिक्खू पाच जमोत की पन्नास, त्यांनी दिलेली पुढची उपसंपदाही संशयित. आतल्या आत दुरुस्ती करता येत नाही, कारण दुरुस्ती करायला जे शुद्ध भिक्खू लागतात तेच नाहीत. दिवा विझला की काडीपेटी शेजाऱ्याकडे मागायला जावं लागतं.

बावीस स्थविर, बावीस शिष्य, दोन जहाजं

शेजारी म्हणजे लंका, अनुराधपूरच्या महाविहाराची परंपरा. राजाने बावीस स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, निवडले, प्रत्येकाबरोबर एक तरुण शिष्य दिला. अकरा-अकरा जोड्या दोन जहाजांत बसल्या. रामदूत आणि चित्रदूत हे दोन अधिकारी बरोबर. लंकेतल्या कोट्टेचा राजा भुवनेकबाहू याच्यासाठी पत्र, संघासाठी दानं. १४७६ च्या जुलैत कल्याणी नदीवर, उदकुक्खेप सीमेत, महाविहाराच्या भिक्खूंनी त्यांना उपसंपदा दिली. त्याआधी त्यांना चीवर उतरवून गृहस्थ व्हावं लागलं, मग श्रामणेर, मग भिक्खू. पेगूत पाच-पंचवीस वर्षं महास्थविर म्हणून मिरवलेली माणसं त्या दिवशी संघातली सगळ्यात धाकटी झाली. राजाज्ञेपुढे इलाज नव्हता, असं म्हणता येईल, पण समुद्र ओलांडून शून्यावर यायला काही कलेजा लागतोच.

परतीला रामदूताचं जहाज सुखरूप पोहोचलं. चित्रदूताचं वादळात फुटलं. त्यातले भिक्खू पायी तमिळ किनाऱ्यावरच्या नागपट्टणला गेले, तिथे एका जुन्या विहाराची जागा आणि चीनच्या राजाने करवलेली गुहा पाहिली, आणि बऱ्याच हालअपेष्टांनंतर घरी आले. काही जण वाटेतच वारले.

आता पेगूत जागा हवी होती. श्वेमॉडॉ स्तूपाच्या पश्चिमेला नरसूर नावाच्या अमात्याच्या ताब्यातली जमीन ठरली. राजाने ती गावाच्या महसुलातून वेगळी काढली. अशा जागेला विसुंगाम म्हणतात, इनामासारखी पण त्याहून कडक, जणू ते एक वेगळंच गाव. थायलंडमध्ये आजही बोतच्या जागेला राजाची अशी मंजुरी लागते.

मग सुरू झाली ती मोजणी, जिच्यापासून आपण सुरुवात केली. या जागेवर पूर्वी कधी कुणी सीमा आखली असेल आणि ती विस्मृतीत गेली असेल, तर? नवी सीमा तिच्यावर पडली की संकर. म्हणून आधी जुनी, असलेली-नसलेली सीमा पुसायची. ती नेमकी कुठे होती हे माहीत नसताना कशी पुसणार? तर सगळ्या जागेवर दोऱ्या ताणून पाच-पाच हातांचे पट्टे पाडले, आणि एकेका तुकड्यात भिक्खूंनी बसून सीमा रद्द करण्याचं कर्मवाक्य म्हटलं. उठले, पुढच्या तुकड्यात बसले, पुन्हा म्हटलं. हे असं सगळीकडे. नांगरताना तास सुटू नये म्हणून शेतकरी घेतो, तशी काळजी. मग खुणा ठेवल्या, त्या पुकारल्या, आणि नवी सीमा बांधली. कल्याणीच्या पाण्यातून आलेली परंपरा, म्हणून नाव कल्याणी.

एक अडचण तरीही उरलीच, आणि ती मला सगळ्यात आवडते. उपसंपदेला उपाध्याय लागतो, त्याचे निदान दहा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले एका जागीचे मुक्काम, झालेले हवेत. लंकेहून आलेल्यांचा एकही नीट झालेला नव्हता! एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि शुद्ध भिक्खू सगळे नवखे. शोधाशोध झाली आणि सुवण्णसोभन नावाचे एक अरण्यवासी स्थविर सापडले. त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी कोलंबोजवळच्या पाण्यात, उदकुक्खेप सीमेतच, उपसंपदा घेतलेली होती. हा एक म्हातारा रानात गप्प बसलेला नसता तर राजाला आणखी दहा वर्षं थांबावं लागलं असतं.

पुढच्या तीनेक वर्षांत रामञ्ञदेशातले भिक्खू कल्याणी सीमेत आले, जुनं भिक्खूपण सोडून नव्याने उभे राहिले. शिलालेख हिशेब देतो: ८०० प्रमुख स्थविर, १४,२६५ तरुण भिक्खू, ६०१ नव्याने उपसंपन्न श्रामणेर. बेरीज १५,६६६. करून पाहिली, बरोबर येते.

राजाचा यात स्वार्थ नव्हता असं समजायचं कारण नाही. सोनंनाणं बाळगणाऱ्या, वैद्यकी-ज्योतिष करणाऱ्या भिक्खूंना त्याने ‘ते सोडा नाहीतर चीवर सोडा’ असं बजावलं. सगळा संघ एका दारातून आत आला की दारावर नजर ठेवणंही सोपं. आणि परंपरा अखंड हवी हा हट्ट कुणावर उलटतो तेही पाहावं. लंका-ब्रह्मदेशात चालणाऱ्या थेरवाद परंपरेतला भिक्खुणी संघ लंकेत साधारण अकराव्या शतकात खुंटला. १९९८ मध्ये बोधगयेत स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली, पण म्यानमारचा संघ ती मानत नाही, कारण साखळी तुटली होती. पुरुषांची साखळी तुटल्याचा संशय आला तेव्हा राजाने दोन जहाजं पाठवली होती.

इमारत कशी होती?

१५९९ मध्ये पेगूचा विध्वंस झाला. १९३० च्या भूकंपाने बगो पुन्हा आडवं केलं. आज तिथे दिसते ती इमारत १९५४ सालची. मूळ मंडप कसा दिसत असेल याची थोडी कल्पना पगानच्या उपाली थेनवरून येते. तेराव्या शतकातली ही छोटी आयताकृती वास्तू आहे विटांची, पण छपराचा आकार लाकडी इमारतीचा. उतरतं छप्पर, कडेने कंगोऱ्यांची रांग, मधोमध एक बारीक शिखर. लाकडी थेन कसे होते ते विटांनी जपलं. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्यात दगडी छताखाली लाकडी फासळ्या आहेत, तोच मामला उलट वाटेने. आतल्या भिंतींवरची चित्रं बरीच नंतरची. उपाली हे नाव ऐकल्यावर शाक्यांचा नाभिक उपाली आठवतो, ज्याने राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे धर्मसभेत, सगळा विनय म्हणून दाखवला.

थायलंडमध्ये न दिसणारी रेघ लोकांनी डोळ्यांना दिसेल अशी केली. बोतच्या आठ दिशांना आणि मधोमध असे नऊ दगडी गोळे पुरतात, वर पिंपळपानासारखे दगड उभे करतात. गोळे पुरायच्या दिवशी जत्रा भरते, लोक त्यांना सोन्याचा वर्ख लावतात, खड्ड्यात सुई-दोरा आणि पेन्सिली टाकतात.

पण अट्ठकथा म्हणते की बांधलेली सीमा खाली थेट धरणीला तोलणाऱ्या पाण्यापर्यंत जाते. वर माडी चढवली तरी ती सीमेत, खाली तळं खणलं तरी ते सीमेत. छप्पर जळालं, खांब पडले, तरी संघाने रीतसर रद्द केल्याशिवाय सीमा जात नाही. १९५४ ची इमारत म्हणजे त्या अर्थाने जुन्या रेघेवर टाकलेलं नवं छत.

रेघेचा सातबाराही शाबूत आहे, जरा फुटक्या अवस्थेत. धम्मचेतीने हे सगळं दहा शिलांवर कोरून ठेवलं, तीन पालीत, सात मोन भाषेत. दोन्ही बाजूंनी कोरीव अक्षरं, एकेका बाजूला सत्तरेक ओळी. सुरुवात होते अशोकाच्या काळापासून, सोण (अवंतीचा नव्हे, दुसरा) आणि उत्तर हे दोन थेर सुवर्णभूमीला आले तिथून. पाली ग्रंथांतल्या ज्या यादीत हे दोघे आहेत, त्याच यादीत महाराष्ट्राकडे पाठवलेला महाधम्मरक्खित आहे आणि अपरांताकडे, म्हणजे कोकणपट्टीकडे, गेलेला योनक धम्मरक्खित. शिलांचे तुकडे झाले होते, पण ताडपत्रांवरच्या नकलांच्या आधाराने तॉ सेन को या ब्रह्मी विद्वानाने पाली पाठ जुळवला आणि १८९३ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला. ते नियतकालिक मुंबईत, भायखळ्याच्या छापखान्यात छापलं जायचं. पेगूच्या शिवेचे खिळे शिवेपासून सहा स्टेशनं अलीकडे जुळवले गेले.

आणि लंका? तिथे पुढच्या शतकांत उपसंपदेची परंपरा पुन्हापुन्हा खुंटली. कधी आराकानहून, तर १७५३ मध्ये सयामहून भिक्खू बोलवावे लागले. एकोणिसाव्या शतकात काही सिंहली भिक्खू जहाजाने उलट दिशेला निघाले, ब्रह्मदेशात उपसंपदा घेऊन आले, आणि १८६४ मध्ये त्यांनी लंकेत नवा निकाय, म्हणजे भिक्खूंचा पंथ, काढला. त्याचं नाव त्यांनी ठेवलं रामञ्ञ निकाय.